‘सगळं ठीक आहे’ म्हणणारी मुलं

परवा दुपारी दवाखाना आटोपत आला असताना अमळनेर तालुक्यातले एक गृहस्थ आले. वय पन्नाशीचे, कपाशीची शेती, सोबत पत्नी. तक्रार झोपेची. ‘‘डॉक्टरसाहेब, रात्री दोन-तीनला जाग येते, मग डोळ्याला डोळा लागत नाही. एखादी गोळी द्या.’’ रक्तदाब थोडा वाढलेला होता. बाकी तपासणीत विशेष काही आढळले नाही. कशाची काळजी आहे का, असे विचारले तर मान हलवून ‘नाही’ म्हणाले. शेवटी बाईच बोलल्या, ‘‘पोरगा दोन वर्षांपासून रशियात आहे, डॉक्टरकीला. तो फोनवर धड बोलत नाही, म्हणून यांची झोप गेलीय.’’

मग हळूहळू सगळी हकिकत बाहेर आली. रोज रात्री नऊला फोन व्हायचा. वडिलांचे प्रश्न ठरलेले : अभ्यास कसा चाललाय, परीक्षा केव्हा, पैसे पोचले का. मुलाचे उत्तरही ठरलेले : ‘‘ठीक आहे.’’ पुढे त्याने कॅमेरा बंद ठेवायला सुरुवात केली. ‘इथे नेट चालत नाही’ म्हणायचा. एका रविवारी आजीने फोन हातात घेतला आणि नेहमीच्या अहिराणीत एवढेच विचारले, ‘‘कसा शे रे बेटा? जेवना का?’’ आणि दोन महिने ‘ठीक आहे’ म्हणणारा तो एकवीस वर्षांचा मुलगा हुंदके देऊन रडू लागला.

हिवाळ्यातल्या परीक्षेत त्याचा एक विषय राहिला होता. रात्रभर जागायचा, दुपारी एकला उठायचा. खोलीत पावावर आणि शेवयांच्या पाकिटांवर दिवस काढत होता. वर्गात जाणे कमी झाले होते. घरी सांगितले का नाही? ‘‘सातबाऱ्यावर बोजा चढवून पाठवलंय मला. काय तोंडानं सांगू?’’

वडिलांना मी झोपेची गोळी दिली नाही. त्यांच्या झोपेचा आजार रशियात होता. गेली काही वर्षे जळगाव-धुळ्याच्या बहुतेक दवाखान्यांत असे आई-वडील येत असतील. एक काळ असा होता की मूल पुण्याला शिकायला निघाले तरी स्टेशनवर निम्मी गल्ली निरोपाला यायची. आता आपल्याकडची मुले रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया, फिलिपिन्सला वैद्यकीय शिक्षणासाठी, तर जर्मनी, अमेरिका, इंग्लंडला पदव्युत्तर शिक्षणासाठी जातात. फी, व्हिसा, तिकीट यांची चौकशी पालक बारकाईने करतात. मुलाची प्रकृती तिथे कशी टिकेल, याची चौकशी मात्र ‘स्वेटर घेतला ना?’ इथे थांबते.

घरची ओढ हा जुना विकार

घराची आठवण येणे याला आपण आजार समजत नाही. वैद्यकशास्त्राने मात्र तिची दखल फार पूर्वी घेतली. १६८८ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे योहानेस होफर याने या विषयावर प्रबंध लिहिला आणि या विकारासाठी ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला. त्यात बर्नहून बाझेलला शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याची हकिकत आहे. पोरगा दिवसेंदिवस खंगत गेला, ताप येऊ लागला, आता वाचत नाही अशी वेळ आली. शेवटी त्याला घरी पाठवायचे ठरले. निघायची तयारी सुरू होताच त्याला उतार पडू लागला आणि बर्नला पोचेपर्यंत तो बरा झालेला होता. बर्न ते बाझेल हे अंतर साधारण जळगाव ते धुळे एवढेच आहे! तेव्हा पाच हजार किलोमीटरवर गेलेल्या मुलाला आठवणीने भरून येत असेल तर त्याला ‘मुलीसारखा काय रडतोस’ म्हणू नये. (मुलींनाही तसे म्हणू नये, हा भाग वेगळा.)

दुसरी एक गोष्ट पालकांना माहीत असलेली बरी. १९५५ साली लिस्गार्ड या नॉर्वेजियन अभ्यासकाने अमेरिकेत शिकून आलेल्या दोनशे नॉर्वेजियन मंडळींची पाहणी केली. जे सहा महिन्यांच्या आत परतले ते खुशीत होते, दीड वर्षाहून अधिक राहिले तेही रुळलेले होते. सहा ते अठरा महिने राहिलेल्यांची अवस्था सर्वांत अवघड होती. पुढच्या अभ्यासांत हा क्रम सर्वांना लागू पडत नाही असे दिसले. अनेकांना अगदी पहिलेच आठवडे सर्वांत जड जातात. पण ‘पहिला महिना नीट गेला, आता काळजी मिटली’ असे मानणे चुकीचे, एवढे नक्की. नवलाई संपते, बर्फाचे फोटो काढून होतात, परीक्षेचा पहिला निकाल लागतो आणि मग मन खाली बसते. नेमक्या याच सुमारास घरचे लोक निर्धास्त झालेले असतात.

साधी घरची ओढ आणि नैराश्य यांत फरक आहे. आठवण येते, पण मित्रांत बसले की मूल हसते, जेवते, दुसऱ्या दिवशी वर्गात जाते, तर त्याला वेळ द्यावा. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक सर्व दिवस उदास, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, ‘मी सगळ्यांना ओझं झालोय’ अशी भाषा, असे असेल तर ते डॉक्टरकडे नेण्याचेच दुखणे आहे. ‘मन खंबीर कर’ या उपदेशाने ते बरे होत नाही, जसा मधुमेह होत नाही.

अंधार, झोप आणि ताट

आमच्या या मुलाच्या बाबतीत मनाइतकाच वाटा सूर्याचा होता. जळगाव २१ अक्षांशावर. आपल्याकडे डिसेंबरातला सर्वांत लहान दिवसही पावणेअकरा तासांच्या आसपास भरतो. रशियाच्या वायव्य भागात त्याच दिवसांत उजेड जेमतेम सहा तास, आणि दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी एकला उठणाऱ्याला किती ऊन मिळत असेल, हिशेब करा. अशा अंधारात काही जणांना दर हिवाळ्यात येणारे नैराश्य १९८४ साली रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णन केले. खूप झोप येणे, गोड आणि पिष्टमय खाण्याची हाव, अंगात जडपणा ही त्याची लक्षणे. आपल्या मे महिन्याच्या उन्हाला शिव्या घालत वाढलेल्या खानदेशी मुलाला ‘ऊन कमी पडून माणूस आजारी पडतो’ हे पटतच नाही.

उपाय साधा आहे, पण नेटाने करायचा आहे. उठण्याची वेळ रोज एकच ठेवायची, सुटीच्या दिवशीसुद्धा. उजाडल्यावर अर्धा तास बाहेर चालायचे. आभाळ भरलेले असले तरी बाहेरचा उजेड खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असतो. त्रास अधिक असेल तर तिथले डॉक्टर प्रखर दिव्यासमोर सकाळी बसण्याचा उपचार सुचवतात. ड जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी. उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्याच्या उन्हातून ते त्वचेत जवळजवळ तयार होत नाही. इंग्लंडमध्ये सरकारच सर्वांना थंडीच्या महिन्यांत रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, घेण्याचा सल्ला देते. सावळ्या त्वचेच्या लोकांना तर वर्षभर. आपल्याकडे मिळणारी ६०,००० युनिटची पुडी मनाने रोज घेणारेही मी पाहिले आहेत. तसे करू नये. ते विष होते.

झोपेच्या बाबतीत एक दोष मात्र आपल्याकडच्यांचा. फिलिपिन्सची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. जेवणे उरकून आपण निवांत दहाला फोन लावतो, तेव्हा तिथे साडेबारा झालेले असतात आणि पोराला सकाळी सातला रुग्णालयात हजर व्हायचे असते. त्याच्या घड्याळाचा फोन लावावा, आपल्या नव्हे.

आता ताटाकडे वळू. धुळ्याची एक मुलगी जर्मनीतून सुटीत घरी आली होती. केस गळतात, चालताना धाप लागते, तळपायांना मुंग्या येतात. घरच्यांनी ‘तिकडच्या पाण्याने केस जातात’ असा निकाल आधीच देऊन टाकलेला. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन कमी आणि बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी. घर पूर्ण शाकाहारी, तिथे दूध-दही ‘चव वेगळी लागते’ म्हणून सोडलेले, आणि वर्षभर पाव, बटाटा, पास्ता. बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. दूध, दही, अंडी, मांस यांतूनच मिळते. दीर्घकाळ कमी पडले तर नसांना इजा होते आणि मनही उदास होते. शाकाहारी मुलांनी निघण्याआधी ही तपासणी जरूर करावी.

बामणोदच्या वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी तिथे मिळणार नाही, हे मान्य करावे. रावेर-यावलच्या मुलाला रशियात इक्वेडोरची केळी विकत घ्यावी लागतात, यापरता विनोद तो काय! पण त्या देशाच्या बाजारात आपल्या ओळखीचे पुष्कळ असते. रशियात ‘केफिर’ मिळते, ते आपल्या ताकाचे चुलतभावंड. ‘त्वोरोग’ म्हणजे ताजे पनीरच समजा. ‘ग्रेच्का’ म्हणजे कुट्टू, उपवासाला चालणारा तोच. मसूर आणि वाटाण्याची डाळ जवळपास सगळीकडे असते. निघण्यापूर्वी महिनाभर मुलाला, होय मुलालाही, स्वयंपाकघरात उभे करावे. वरण, खिचडी, एक उसळ, एक सुकी भाजी आणि अंडी चालत असतील तर भुर्जी, एवढे हातचे झाले की तो उपाशी राहत नाही. फोडणी मात्र खिडकी उघडून द्यायला शिकवा. तिखटाच्या ठसक्याने वसतिगृहातली धुराची घंटा वाजून सगळी इमारत बर्फात उभी राहिल्याच्या गोष्टी मी एकाहून अधिक मुलांकडून ऐकल्या आहेत.

आनंदीबाईंची मावशी

परदेशात शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांत पहिले नाव आठवते ते डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. एप्रिल १८८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाल्या. त्यांची पदवी आपण सर्वांना सांगतो. त्यांची तब्येत सांगत नाही. थंडी, परका आहार आणि अभ्यासाचा ताण यांत त्यांची प्रकृती खालावत गेली. क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

त्या मुलखात त्यांना आधार होता तो थिओडिशिया कार्पेंटर या बाईंचा. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी त्यांच्या घरी आनंदीबाई सुरुवातीला राहिल्या, त्यांना ‘मावशी’ म्हणू लागल्या. आणि इकडून येणारी पत्रे? गोपाळरावांनीच त्यांना शिकवले, पाठवले, हे खरे. पण त्यांच्या पत्रांत टोचून बोलणेही असे. त्या काळी पत्र पोचायला आठवडे लागत. आज टोचलेले बोल त्याच क्षणी पोचतात.

परदेशी गेलेल्या प्रत्येक मुलाला तिथे एखादी ‘मावशी’ हवी. ती आपल्या गावचीच असावी असे नाही. वरच्या वर्गातला शहाणा विद्यार्थी, वसतिगृहाची प्रमुख बाई, ग्रंथालयातला माणूस, कोणीही चालेल. एक नाव आणि एक दार, जिथे रात्री जाऊन ‘मला बरं वाटत नाही’ म्हणता येईल. फोनवर मुलाने महिनाभरात एकाही मित्राचे नाव घेतले नाही, तर ते मार्कांपेक्षा मोठे काळजीचे कारण समजावे. खोलीत चौघे खानदेशी एकत्र राहिले म्हणजे सोबत झाली, असेही नाही. चौघे मिळून एकाच अंधारात बसतात आणि तिथली भाषा कोणालाच येत नाही! पहिल्या सहा महिन्यांत तिथल्या बोलीतली शंभर वाक्ये यावीत. त्यात ‘इथे दुखतंय’ आणि ‘रुग्णवाहिका बोलवा’ ही दोन आधी.

बहुतेक विद्यापीठांत समुपदेशन केंद्र असते आणि ते बहुधा मोफत असते. तिथे बोललेले प्राध्यापकांना कळवले जात नाही. ‘नोंद होईल, व्हिसा जाईल’ या भीतीने आपली मुले जात नाहीत. ही भीती घरूनच काढून टाकायला हवी.

नदीकाठी

हा विषय टाळावा असे वाटत होते, पण टाळता येत नाही. जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात रशियातील वेलिकी नोवगोरोद येथे वोल्खोव नदीत चार भारतीय विद्यार्थी बुडाले. त्यांत आपल्या जळगाव जिल्ह्यातून डॉक्टर व्हायला गेलेली मुले होती. अडचणीत सापडलेल्या सोबतिणीला वाचवायला बाकीचे पुढे सरसावले, असे तेव्हा सांगण्यात आले. त्या घरांचे दुःख त्या घरांनाच ठाऊक. पण जी मुले आज तिथे आहेत, त्यांच्यासाठी पुढचे सांगतो.

गिरणा, पांझरा, तापीत पोहलेल्या मुलाला वाटते, आपल्याला पाणी येते. उत्तरेकडच्या नद्यांचे पाणी वेगळे. हवा उन्हाळ्याची असली तरी पाणी थंडच असू शकते. गार पाण्यात पडताच पहिल्या मिनिटात आपोआप जोराचा श्वास आत ओढला जातो, धाप लागते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर चांगला पोहणाराही बुडतो. पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत हात-पाय काम करीनासे होतात. म्हणून अनोळखी पाण्यात उतरूच नये. पडलेच तर हातपाय न मारता, डोके मागे टाकून उताणे तरंगावे, श्वास ठिकाणावर येऊ द्यावा, मग किनाऱ्याकडे वळावे. दुसरा बुडत असेल तर आपण उडी घेऊ नये. दोरी, फांदी, ओढणी, रिकामा कॅन, जे हाती येईल ते फेकावे आणि मदतीला हाक द्यावी. रशिया आणि युरोपात संकटाचा क्रमांक ११२, अमेरिका-कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात तीन शून्ये. हा आकडा मुलाला पाठ आहे का, ते आज रात्रीच विचारा.

निघण्याच्या तयारीचे थोडक्यात. दातांची कामे इथेच उरकावीत; अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातल्या विद्यार्थी-विम्यात दात बहुधा येत नाहीत. चष्म्याचा जास्तीचा जोड आणि नंबराचा कागद न्यावा. गोवर-गालगुंड-रुबेला, कावीळ ब, कांजिण्या आणि वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी मेनिंजायटिसची लस यांची विचारणा डॉक्टरांकडे दोन महिने आधी करावी. लसीकरणाचे कार्ड बहुतेक घरांत सापडत नाही, तेव्हा शोधायला आत्ताच लागा. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध किंवा झोपेच्या गोळ्या ‘असू द्या जवळ’ म्हणून बॅगेत टाकू नयेत. जपान, संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशांत यावरून अटक होऊ शकते. तिथे पोचल्यावर भारतीय दूतावासाकडे नाव नोंदवावे. अडचणीसाठी परराष्ट्र खात्याची ‘मदद’ ही तक्रार व्यवस्था २०१५ पासून आहे.

फोनवर काय विचारायचे

वैद्यकीयच्या मुलांच्या डोक्यावर आणखी एक ओझे असते, ते पालकांना नीट समजून घ्यावे लागेल. २०२१ च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, तिथेच वर्षभराची आंतरवासिता, आणि सगळे शिक्षण त्याच संस्थेत. मध्येच कॉलेज बदलून भागत नाही. परतल्यावर पात्रता परीक्षा, जिच्यात बहुतेक वेळा निम्म्याहून अधिक मुले नापास होतात. म्हणजे मुलाला वाटते, मागे जाता येत नाही आणि पुढे दिसत नाही. अशा वेळी ‘अमक्याचा पोरगा पहिला आला’ हे वाक्य फोनवरून जाऊ नये. कर्जाचा हप्ता किती, हे त्याला ठाऊक असते. रोज सांगावे लागत नाही.

मग विचारावे काय? आज काय जेवलास, कोणाबरोबर जेवलास. किती वाजता झोपलास. बाहेर गेला होतास का. खिडकीतून काय दिसते ते दाखव बरं. आणि कधीतरी आपणच सांगावे की आम्हीही एकदा नापास झालो होतो (खोटे नसेल तर). संशय आला तर सरळ विचारावे, ‘‘जगू नये असं काही मनात येतं का रे?’’ असे विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने मूल मोकळे होते. उत्तर ‘हो’ आले तर फोन ठेवू नये. दुसऱ्या फोनवरून त्याच्या सोबत्याला, वसतिगृहाला कळवून कोणीतरी त्याच्याजवळ बसेल हे बघावे. पालकांना स्वतःला बोलावेसे वाटले तर ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, मराठीतही आणि मोफत आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे.

एखादे वेळी मुलाला परत आणणे हेच औषध असते, होफरच्या त्या विद्यार्थ्यासारखे. एक वर्ष वाया गेले, पैसे बुडाले, गावात चार जण बोलतील. बोलू द्यावेत.

अमळनेरच्या त्या मुलाला परत यावे लागले नाही. वडिलांनी दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितले, ‘‘विषय राहिला तर राहिला. शेताचं मी बघतो.’’ तेवढ्याने तो विद्यापीठाच्या डॉक्टरकडे गेला. औषध सुरू झाले, समुपदेशन सुरू झाले, वरच्या वर्गातल्या एका केरळच्या मुलाने सकाळी त्याचे दार वाजवायचे काम अंगावर घेतले. राहिलेला विषय अजून द्यायचा आहे. वडील मागच्या आठवड्यात रक्तदाब दाखवायला आले होते. झोप बरी आहे म्हणाले. रविवारचा फोन आता आजीचा असतो. नातू तिला कुकर उघडून भात दाखवतो, आणि ‘पाणी जास्त झालं’ असे ती दर वेळी सांगते.